सापडलेलं आणि सांभाळलेलं

चेलोचा इतिहास बहुतेक ठिकाणी गोष्टींच्या माळेसारखा सांगितला जातो. बार्सिलोनाच्या दुकानात तेरा वर्षांच्या मुलाला बाखची विसरलेली रचना सापडते. लंडनमध्ये वीस वर्षांची मुलगी एल्गारचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित करते आणि तो कायमचा तिच्या नावावर होतो. बर्लिनची भिंत कोसळते तेव्हा एक रशियन वादक तिथे खुर्ची टाकून वाजवायला बसतो. या गोष्टी खोट्या नाहीत. वाद आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल: या वाद्याचं संगीत अशा क्षणांनी घडवलं का? समोरच्याचं म्हणणं आधी त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. इथेही तीच पाळली आहे. उत्तरपक्ष माझा आहे. पूर्वपक्ष संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या कुणाचाही असू शकतो.

पूर्वपक्ष : सुरुवात १८९० पासून करू. पाब्लो कासाल्स तेरा वर्षांचा आहे, बार्सिलोनातल्या एका कॅफेत वाजवून चार पैसे मिळवतो आहे. वडिलांबरोबर तो बंदराजवळच्या एका दुकानात स्वरलिपी शोधायला जातो आणि बाखच्या सहा स्वीट, म्हणजे नृत्यरचनांच्या माळा, त्याच्या हाती लागतात. त्या एकट्या चेलोसाठी आहेत, साथीला दुसरं काहीही नाही. बारा वर्षं तो त्या घरी घोटतो, तेव्हा कुठे त्यातली एक मैफलीत वाजवण्याचं धाडस करतो. १९३६ ते १९३९ या काळात सहाच्या सहा ध्वनिमुद्रित करतो. आज या सहा स्वीट वाजवल्याशिवाय कुणी स्वतःला चेलोवादक म्हणवून घेत नाही. त्या दिवशी तो मुलगा त्या दुकानात गेला नसता तर? अशा क्षणांच्या अलीकडचं आणि पलीकडचं जग वेगळं असतं. त्याला एक माणूस लागतो आणि त्याची नजर लागते. बाकी सगळा तपशील.

उत्तरपक्ष : दुकानाची गोष्ट मान्य. ‘विसरलेली रचना’ मात्र मान्य नाही. कासाल्सच्या हाती काय लागलं ते नीट पाहा. ते हस्तलिखित नव्हतं, फ्रीडरिश ग्रुट्झमाखर या जर्मन चेलोवादकाने संपादित केलेलं छापील पुस्तक होतं. म्हणजे कुणीतरी त्या रचना आधीच वाचल्या होत्या, बोटं कुठे ठेवायची आणि गज कसा फिरवायचा ते ठरवलं होतं, प्रकाशकाने त्यावर पैसे घातले होते आणि पुस्तक जर्मनीतून बार्सिलोनापर्यंत पोहोचलं होतं. आणखी मागे जाऊ. पहिली छापील आवृत्ती १८२४ मध्ये पॅरिसला निघाली, दोनच वर्षांनी डोट्झाउअरची आवृत्ती लायप्झिशला निघाली. १८५३ मध्ये शुमानने या स्वीटना पियानोची साथ लिहिली. १८७९ मध्ये बाखच्या समग्र साहित्याच्या प्रकाशनात त्या आल्या. त्याच्याही आधी होत्या त्या नकला. बाखच्या स्वतःच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. उरलेल्या नकलांपैकी सर्वांत जुन्या म्हणजे योहान पेटर केल्नरने १७२६ च्या सुमारास केलेली एक प्रत आणि बाखची पत्नी आना माग्दालेना हिने त्यानंतर थोड्याच वर्षांत केलेली दुसरी. या दुसऱ्या प्रतीकडे जवळून पाहण्यासारखं आहे. एका गजात किती स्वर बांधायचे हे स्वरलिपीत वरच्या कमानीने दाखवतात. आना माग्दालेनाच्या कमानी अनेक ठिकाणी नेमक्या कुठल्या स्वरावर सुरू होतात तेच कळत नाही, आणि सारख्या दिसणाऱ्या जागांवरही त्या वेगवेगळ्या पडलेल्या आहेत. पहिल्या स्वीटच्या सुरुवातीला तीन स्वर तीन वेगळ्या तारांवर येतात आणि गज मनगटाच्या एका हेलकाव्यात त्यांच्यावरून जातो. हा हेलकावा कुठे जोडायचा आणि कुठे तोडायचा, यावर त्या संगीताचा सगळा श्वास अवलंबून आहे, आणि त्याचा निर्णय प्रत्येक संपादकाला नव्याने करावा लागला आहे. कासाल्सच्या आधीही तो अनेकांनी केला होता. हे संगीत हरवलेलं नव्हतं. दीड शतकाहून जास्त काळ कुणी ना कुणी ते सांभाळत होतं.

पूर्वपक्ष : छापलेलं असणं आणि ऐकलं जाणं यात फरक आहे. १८९० मध्ये या स्वीट कोण ऐकत होतं? विद्यार्थी त्या बोटांचा व्यायाम म्हणून वाजवत, फार तर एखादं नृत्य तोडून मैफलीत येई. संपूर्ण स्वीट ही सलग, मैफलीत ऐकण्याजोगी कलाकृती आहे, हे लोकांच्या गळी कासाल्सनेच उतरवलं. शिवाय खरोखर हरवलेल्या गोष्टीही सापडतात. हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो दोनशे वर्षं कुणाला माहीत नव्हता. १९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओल्द्रिख पुल्केर्त या संशोधकाला त्याच्या प्रती मिळाल्या आणि पुढच्याच वर्षी, १९ मे १९६२ रोजी, मिलोश साडलोने तो वाजवला. हा तर अगदी शुद्ध शोधाचा क्षण आहे ना?

उत्तरपक्ष : पहिल्या मुद्द्यावर आपण जवळ येत आहोत. कासाल्सने जे केलं त्याला मी लहान म्हणत नाही. मात्र नेमकं काय केलं ते म्हणतो: त्याने या संगीताची जागा बदलली, शिकवणीच्या खोलीतून व्यासपीठावर आणि व्यासपीठावरून तबकडीवर. माझा सगळा मुद्दा हाच आहे. चेलोच्या इतिहासातले गाजलेले क्षण बहुतेक वेळा जन्माचे नसतात, स्थलांतराचे असतात. असलेल्या गोष्टीला नवी जागा मिळते, आणि तिथवर ती कुणी वाहून आणली हे सांगायचं राहून जातं. हायडनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. हा कॉन्चेर्टो त्याने १७६० च्या दशकात एस्टरहाझी दरबारच्या वाद्यवृंदातल्या योझेफ वाइगलसाठी लिहिला. त्या प्रती राडेनिनच्या गढीतल्या संग्रहात जपल्या गेल्या. कुणीतरी त्या लिहिल्या, कुणीतरी कपाटात ठेवल्या, आणि दोन शतकांत कुणी त्यांची रद्दी केली नाही. त्या हायडनच्याच आहेत हे कशावरून? हायडनने स्वतःच्या रचनांची एक यादी ठेवली होती आणि तिच्यात प्रत्येकीचे सुरुवातीचे स्वर टिपले होते. ते स्वर जुळले. पुल्केर्तची नजर मोलाची खरीच, पण तिला पाहायला काही उरलं होतं ते अशा यादी करणाऱ्या आणि जपणाऱ्या माणसांमुळे. सापडल्यावर हा कॉन्चेर्टो काही वर्षांतच जगभर वाजू लागला, कारण तो वाजवू शकणारे शेकडो वादक तोवर तयार होते. बाखच्या स्वीटनी त्यांचे हात तयार केले होते.

पूर्वपक्ष : तुम्ही माणसाला बाजूला सारून कपाटांना आणि याद्यांना श्रेय देता आहात. मग एल्गारचं काय? त्याचा कॉन्चेर्टो २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हा स्वरलिपी होती, वाद्यवृंद होता, फेलिक्स साल्मंडसारखा वादक होता, आणि खुद्द एल्गार संचालन करत होता. तरी प्रयोग पडला. १९६५ मध्ये जॅकलिन दु प्रेने तो ध्वनिमुद्रित केला आणि त्या रचनेचं नशीब पालटलं. मधे बदललं काय? स्वर तेच होते. बदलली ती वाजवणारी व्यक्ती.

उत्तरपक्ष : तो प्रयोग पडला त्याचं कारण ठाऊक आहे आणि ते अगदी रोकडं आहे. त्याच कार्यक्रमातल्या बाकीच्या रचनांचा संचालक अल्बर्ट कोट्स याने तालमीचा वेळ खाल्ला, एल्गारच्या वाट्याला पुरेसा उरला नाही. म्हणजे १९१९ मध्ये कमी पडली ती तयारीच. पुढच्या सेहेचाळीस वर्षांत काय झालं तेही पाहू. बिअट्रिस हॅरिसनने तो कॉन्चेर्टो उचलला आणि १९२८ मध्ये एल्गारच्याच संचालनाखाली तो पूर्ण ध्वनिमुद्रित केला. १९४५ मध्ये कासाल्सने केला. दु प्रेला घडवलं ते विल्यम प्लीथ या शिक्षकाने. १९६५ च्या ध्वनिमुद्रणाचे संचालक जॉन बार्बिरोली हे १९१९ च्या त्याच फसलेल्या मैफलीत चेलोवादकांच्या रांगेत बसलेले एक तरुण वादक होते. पडलेला प्रयोग त्यांनी आतून पाहिला होता. दु प्रेचं वाजवणं असामान्य आहे यावर माझा वाद नाही. तिच्यासारखं दुसरं कुणी वाजवलं असतं असंही मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की तिच्या हाती रचना कोरी आली नव्हती. एका बाईने ती वर्षानुवर्षं वाजती ठेवली होती आणि एका संचालकाने सेहेचाळीस वर्षं मनात बाळगली होती.

आणि कपाटांपेक्षाही साध्या गोष्टींचं श्रेय मी अजून मागितलेलंच नाही. सुरुवातीचे चेलो आजच्यापेक्षा मोठे असत, कारण नुसत्या आतड्याच्या तारेतून खर्ज काढायचा तर ती लांब तरी हवी किंवा जाड तरी. १६६० च्या सुमारास आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती आली. तारेचं वजन वाढलं पण जाडी फारशी वाढली नाही, त्यामुळे तार आखूड झाली तरी खर्ज टिकला आणि वाद्य लहान करता आलं. बोटांमधलं अंतर कमी झालं तशी गती आली, आणि साथीपुरतं असलेलं वाद्य स्वतंत्र बोलू लागलं. १६८९ मध्ये बोलोन्यात दोमेनिको गाब्रिएल्लीने एकट्या चेलोसाठी सात रचना लिहिल्या, त्या या घडामोडींच्या पाठोपाठ. १७०७ च्या सुमारास स्ट्राडिव्हारीने लहान घडणीचा साचा पक्का केला. जुन्या मोठ्या चेलोंपैकी कित्येक पुढे कापून लहान करण्यात आले. बाखच्या स्वीट अशा बदलत्या वाद्यासाठी लिहिलेल्या आहेत. पाचव्या स्वीटमध्ये तो वरची तार उतरवून लावायला सांगतो, सहावी तर पाच तारांच्या वाद्यासाठी आहे.

पूर्वपक्ष : म्हणजे सगळं श्रेय तारेला आणि लाकडाला? यात माणसाला काही जागाच उरत नाही.

उत्तरपक्ष : उरते, आणि ती कशी ते चेलोच्या तळाशी असलेल्या दांडीवरून दिसतं. आज वादक बसतो तेव्हा वाद्यातून एक टोकदार दांडी बाहेर ओढून जमिनीत रोवतो आणि वाद्याचं वजन तिच्यावर टाकतो. पूर्वी चेलो दोन्ही पोटऱ्यांत आवळून धरावा लागे. टेकू देण्याच्या युक्त्या तुरळक वापरात होत्याच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आद्रियँ-फ्राँस्वा सेर्वे या बेल्जियन वादकाने दांडी रूढ केली. त्याने ती ‘शोधली’ असं म्हणणं चूक होईल. त्याच्यासारख्या नामांकिताने ती वापरली म्हणून इतरांचा संकोच गेला. याचा परिणाम त्याच्याही डोक्यात नसेल अशा ठिकाणी झाला. गुडघ्यांत वाद्य आवळून बसणं बाईमाणसाला शोभत नाही, असं त्या काळचं युरोप समजत असे. अनेकजणींना दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, अंग पिळून वाजवावं लागे. त्या अडचणीतही लिझा क्रिस्तियानी १८४० च्या दशकात युरोपभर वाजवत होती, मेंडेल्सोनने तिला रचना अर्पण केली. ती सैबेरियापर्यंत दौरे करत गेली आणि १८५३ मध्ये रशियात पटकीने वारली. दांडीमुळे वाद्य आपल्या बळावर उभं राहू लागलं तशी ती अडचण हळूहळू सरली. पुढे गिल्येर्मिना सुजिया, बिअट्रिस हॅरिसन, आणि मग जॅकलिन दु प्रे. तुमच्या १९६५ च्या क्षणाखाली ही दांडीही आहे. माणूस इथे आहेच. पण तो एकटा नाही, आणि आपण नेमकं काय घडवतो आहोत हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

पूर्वपक्ष : आता माझं सर्वांत भक्कम उदाहरण. म्स्तिस्लाव्ह रोस्ट्रोपोविच. तो नसता तर प्रोकोफिएव्हचा सिंफनी-कॉन्चेर्टो, शोस्ताकोविचचे दोन कॉन्चेर्टो, ब्रिटन या इंग्रज रचनाकाराची चेलो सिंफनी आणि तीन स्वीट, यांतलं काहीच लिहिलं गेलं नसतं. हे स्थलांतर नव्हे, हा निव्वळ जन्म आहे, आणि तो एका माणसामुळे झाला.

उत्तरपक्ष : हे उदाहरण खरंच भक्कम आहे आणि माझा सिद्धांत त्याने थोडा वाकतो. इथे जन्म आहेत, हे मान्य करतो. पण त्यांचा क्रम पाहा. प्रोकोफिएव्हचा पहिला चेलो कॉन्चेर्टो १९३८ मध्ये मॉस्कोत सपशेल पडला. नऊ वर्षांनी, वीस वर्षांच्या रोस्ट्रोपोविचने ती पडलेली रचना पियानोच्या साथीने पुन्हा वाजवली. प्रोकोफिएव्हने ती ऐकली आणि त्या तरुणाच्या मदतीने त्याच सामग्रीवर सिंफनी-कॉन्चेर्टो उभा केला. तो १९५२ मध्ये झाला, संचालन पियानोवादक स्व्यातोस्लाव्ह रिख्तरने केलं. त्या रचनेने प्रभावित होऊन शोस्ताकोविचने १९५९ मध्ये आपला पहिला कॉन्चेर्टो लिहिला. तो १९६० मध्ये लंडनला झाला तेव्हा ब्रिटन श्रोत्यांत होता, आणि तिथून त्याच्या रचनांची रांग सुरू झाली. साखळीचा पहिला दुवा कुठे आहे? एका विशीतल्या मुलाने दुसऱ्याची पडलेली रचना टाकून न देता पुन्हा वाजवली, तिथे. रोस्ट्रोपोविचचं मोठेपण मी कमी करत नाही, त्याची जागा सरकवतो. नव्या रचनांच्या पहिल्या प्रयोगांइतकाच तो त्या पुन्हा वाजवण्यात मोठा आहे.

पूर्वपक्ष : आणि २१ ऑगस्ट १९६८? त्या पहाटेपर्यंत सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. संध्याकाळी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत सरकारी वाद्यवृंदाबरोबर रोस्ट्रोपोविचने वाजवला तो झेक द्वोर्झाकचा कॉन्चेर्टो. सभागृहात निषेधाच्या आरोळ्या, वादकाच्या डोळ्यांत पाणी. याला कुठली तयारी, कुठली कपाटं? हा क्षण म्हणजे क्षणच होता.

उत्तरपक्ष : त्या संध्याकाळचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. त्या दिवसासाठी द्वोर्झाक कुणी निवडला नव्हता. कॉन्चेर्टो १८९५ मध्ये पूर्ण झालेला, न्यूयॉर्कमध्ये बसून मायदेशाची ओढ लागलेल्या झेक माणसाने लिहिलेला. त्याचा पहिला प्रयोगही १८९६ मध्ये लंडनलाच झाला होता. त्यात दाटलेली माया सत्तर वर्षं तिथेच होती. रणगाड्यांनी आणि श्रोत्यांनी मिळून तिला त्या दिवशी वेगळा अर्थ दिला. सारायेवोचंही तसंच. मे १९९२ मध्ये पावाच्या रांगेवर तोफगोळा पडून माणसं मेल्यानंतर व्हेद्रान स्माइलोविच रस्त्यावर बसून जे अदाजो वाजवू लागला, ते अल्बिनोनीचं म्हणून प्रसिद्ध असलं तरी रेमो जाझोत्तो याने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेलं. रचना जुनी की नवी, कुणाची, हे त्या गल्लीत कुणी विचारलं नाही. मात्र एक गोष्ट तुमच्या पदरात टाकतो: धैर्य कुठल्याही तयारीतून आपोआप निघत नाही. रोस्ट्रोपोविचने सोल्झेनित्सिन या लेखकाला घरी आसरा दिला, १९७० मध्ये त्याच्या बाजूने पत्र लिहिलं आणि त्याची किंमत देशाबाहेर जाऊन, पुढे नागरिकत्व गमावून मोजली. कासाल्सने स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवणं नाकारलं. हे निर्णय त्यांचे एकट्याचे आहेत. पण ते त्यांच्या चरित्राचे मोठे क्षण आहेत. चेलोच्या संगीताचा इतिहास त्यांच्यावर उभा केला तर तो थोर माणसांचं संतचरित्र होईल.

पूर्वपक्ष : होईना का. एखादं पोर कासाल्सची गोष्ट ऐकून चेलो हातात घेतं, डोट्झाउअरच्या आवृत्तीची ऐकून घेत नाही. गोष्ट काढून घेतलीत तर तुमचा तो सांभाळणाऱ्यांचा वर्गही पुढे तयार होणार नाही.

उत्तरपक्ष : गोष्ट काढून घ्यायची नाहीच, तिच्यात आणखी माणसं घालायची आहेत. कारण ती न घालण्याचा तोटा खरा असतो, आणि तो पाहायला युरोपला जावं लागत नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात दशकानुदशकं व्हायोलिन आणि चेलोंचे ताफे वाजले. त्यात मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा, चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी वाचायला शिकून आलेल्यांचा होता. संगीतकाराचं नाव पडद्यावर येई. अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांची नावं जाणकारांनाच ठाऊक राहिली. राहुलदेव बर्मन यांचे संयोजक बासुदेव चक्रवर्ती मुळात चेलोवादक, हे गाणी तोंडपाठ असलेल्या किती जणांना माहीत आहे? रांगेत बसलेल्या बाकीच्यांची तर नोंदच झाली नाही. लोकांनी ते संगीत ऐकलं, त्यावर जीव टाकला, पण ते वाजवणाऱ्यांचा इतिहास लिहायला लागणारा कागद आपण ठेवला नाही. गाजलेल्या क्षणांवरच भिस्त ठेवणारी दृष्टी असाच कागद टाकून देते, कारण पुढे कशाचं मोल होणार हे तिला आधी कळत नाही.

म्हणून माझी मागणी व्यवहारातली आहे. कुठल्याही रचनेची कथा सांगताना पहिला प्रयोग कधी झाला हे आपण आवर्जून सांगतो. दुसरा कुणी केला, हेही शोधावं. पहिल्याला निमंत्रण असतं, उत्सुकता असते, रचनाकार जातीने हजर असतो. एल्गारच्या कॉन्चेर्टोला हे सगळं मिळालं आणि तरी तो पडला. प्रोकोफिएव्हचाही पडला. त्या दोन्ही रचना आज आपल्याला ऐकायला मिळतात त्या अपयश ठाऊक असूनही त्यांना पुन्हा हात घालणाऱ्यांमुळे. ती नावं मिळाली की क्षण लहान होत नाही, तो कळतो. आणि पूर्वपक्षाला हव्या असलेल्या गोष्टीही तेव्हा जास्त खऱ्या होतात.